नाव एकदाच लिहायचे: सीमाभागातल्या दोन शिक्षकी शाळेचे कागदकाम

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा प्रश्न थोडक्यात असा: "पहिली ते पाचवी, पट 38, शिक्षक दोन. सॅट्स (राज्याचे विद्यार्थी-नोंदीचे पोर्टल) आहे, युडायस (केंद्राचे शाळा-माहितीचे पोर्टल) आहे, बिसीऊटचा (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा) रोजचा आकडा आहे, शिष्यवृत्ती आहे, आणि रजिस्टरे आहेतच. पूर्वी वहीत लिहायचो, आता वहीत लिहून पुन्हा मोबाइलमध्ये भरतो. डिजिटलने काम कमी होते म्हणतात, आमचे दुप्पट झाले. सुरुवात कुठून करू, कुठले ॲप घेऊ, आणि शाळेच्या पैशातून कॉम्प्युटर घ्यावा का?"

बाई, तूर्त एकही नवे ॲप घेऊ नका. आहेत ती पुरे आहेत. तुमचा वेळ खातेय ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा लिहिणे आणि लिहिलेले एकमेकांशी जुळवणे. एका मुलीचे नाव दाखल रजिस्टरात देवनागरीत असते, सॅट्सवर कन्नड आणि इंग्रजीत, आधार कार्डावर पुन्हा कन्नड आणि इंग्रजीत पण निराळ्या स्पेलिंगने, बँकेच्या पासबुकात आणखी तिसऱ्याच स्पेलिंगने. कोल्हापूरच्या शाळेला मराठी-इंग्रजी सांभाळले की भागते, धारवाडच्या शाळेला कन्नड-इंग्रजी. बेळगाव, खानापूर, निपाणी, कागवाडकडच्या मराठी शाळेला तिन्ही सांभाळावे लागते. त्यामुळे बाहेर तयार झालेले कुठलेही "शाळा व्यवस्थापन" ॲप इथे अर्धेच उपयोगी पडते. इथली पहिली गरज म्हणजे मुलांची एक पक्की मूळ यादी. नाव तिथे एकदाच लिहायचे, बाकी सगळीकडे तिथून उचलायचे.

कामाला लागण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: काय माहिती मागितली, कोणी मागितली, किती मिनिटे गेली, ही माहिती आधी कधी दिली होती का. चौथ्या रकान्यात "हो" किती वेळा येते ते मोजा. तो आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

मूळ यादी कशी करायची

शाळेच्या नावाने एक वेगळे जीमेल खाते काढा. स्वतःचे वापरू नका. बदली झाली की यादी तुमच्याबरोबर निघून जाते. त्या खात्यात एक गूगल शीट उघडा आणि सगळ्यात आधी सेटिंगमध्ये देश भारत करा. हे विसरले तर 05/08 ही तारीख 5 ऑगस्टऐवजी 8 मे म्हणून बसते, आणि 12 तारखेपुढच्या जन्मतारखा तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. चूक लगेच दिसत नाही. वयानुसार यादी लावायला गेल्यावर कळते.

रकाने असे: दाखल नंबर, 9 अंकी सॅट्स नंबर, 11 अंकी पेन (युडायसवर मुलाला मिळणारा कायमचा नंबर), 12 अंकी अपार (केंद्राचा विद्यार्थी ओळख नंबर), नाव मराठीत, नाव कन्नडमध्ये, नाव इंग्रजीत आधारवर आहे तसे, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, लिंग, इयत्ता, जात रजिस्टरप्रमाणे, जातीच्या दाखल्याचा आरडी नंबर (दाखल्यावर छापलेला क्रमांक), उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर आणि त्याची मुदत, पालकांचा मोबाइल, आधारचे फक्त शेवटचे चार अंक, युडायसवर आधार पडताळले गेले की नाही, बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही, मागच्या शाळेचा युडायस कोड, आणि अंडे खाते की नाही. शेवटचा रकाना वाचून हसू नका, तो रोज कामाला येतो. आधारचा पूर्ण नंबर या यादीत लिहायचा नाही. तो पोर्टलवर एकदा गेला की शाळेला रोज लागत नाही, आणि शीट चुकून कुणाला शेअर झाली तर 38 मुलांचे नंबर बाहेर जातात.

नंबरांचे सगळे रकाने "साधा मजकूर" या प्रकारात आधीच बदलून घ्या. एक्सेल आणि शीट दोन्ही संख्येचे पहिले 15 अंकच खरे धरतात. चंदगड-गडहिंग्लजकडून आलेल्या मुलाचा महाराष्ट्रातला सरल आयडी (तिथल्या विद्यार्थी पोर्टलवरचा नंबर) 19 अंकी असतो. तो संख्या म्हणून टाकला की शेवटच्या चार अंकांच्या जागी शून्ये येतात, आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. 11 अंकी युडायस कोडही रकाना अरुंद असला तर 2.9 आणि पुढे ई असा दिसतो. मजकूर प्रकार लावला की दोन्ही कटकटी संपतात.

एका मुलाला सरासरी दहा मिनिटे धरा. दाखला, आधारची झेरॉक्स आणि सॅट्सचे पान समोर ठेवून. 38 मुलांचे सव्वासहा तासांच्या वर होतात. एका बैठकीत करू नका, डोळे फिरतात आणि चुका वाढतात. रोज चार मुले घेतली तर दहा दिवसांत यादी उभी राहते. एकाने वाचावे, दुसऱ्याने टाइप करावे.

आता कन्नड नावांचा रकाना. शीटमधले भाषांतराचे सूत्र इथे वापरू नका. ते नावाचा अर्थ लावायला जाते, आणि "प्रकाश" किंवा "किरण" नावाच्या पोराचा उजेड करून ठेवते. आपल्याला भाषांतर नको आहे, लिप्यंतर हवे आहे, आणि त्याला एक सोपा हिशेब आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरे एकाच क्रमाने मांडलेली आहेत. दोघांत नेमके 896 चे अंतर आहे. देवनागरी क चा कोड 2325, कन्नड क चा 3221. तेव्हा नावातले एकेक अक्षर "मिड"ने सुटे करायचे, "युनिकोड"ने त्याचा कोड घ्यायचा, कोड 2304 ते 2431 मध्ये असेल तर 896 मिळवायचे, नसेल तर तसाच ठेवायचा (नाहीतर दोन शब्दांमधली मोकळी जागाही सरकते), "युनिचार"ने पुन्हा अक्षर करायचे आणि "जॉइन"ने सांधायचे. क्लस्टरमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शीट वापरता येणारा एखादा तरुण शिक्षक हे सूत्र अर्ध्या तासात बांधून देईल. एकदा बांधले की सगळ्या शाळांना चालते.

पाटील, जाधव, रमेश ही नावे जशीच्या तशी बरोबर येतात. चुकतात ती अशी. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी सुटा स्वर असला, म्हणजे देसाई, राऊत, साई, तर सूत्र अक्षराला अक्षर ठेवते. कन्नडमध्ये मात्र "देसायि" अशा वळणाने लिहायची रीत आहे. ही नावे हातानेच दुरुस्त करा. ॲन्थनी, जॉन या नावांतल्या ॲ आणि ॉ यांना कन्नडमध्ये त्या जागी जोडीदार अक्षर नाही. तिथे रिकामी चौकट उमटते नाहीतर भलतेच चिन्ह. कुऱ्हाडे, गोऱ्हे यांतला ऱ आधी साधा र करून घ्या, नाहीतर कन्नडमधले जुने, आता वापरात नसलेले अक्षर येते. सगळी यादी झाली की कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून एकदा डोळ्यांखालून घालून घ्या. 38 नावांना पंधरा मिनिटे पुरतात.

हेच सूत्र उलटे, म्हणजे 896 वजा करून, कन्नड यादी देवनागरीत वाचायलाही चालते. ज्या शिक्षकांना कन्नड सावकाश वाचता येते त्यांचा यात बराच वेळ वाचतो.

इंग्रजी नाव मात्र कुठलेही सूत्र लावून करायचे नाही. युडायसवर आधारशी पडताळणी होते ती आधारवरचे नाव, लिंग आणि जन्मतारीख यांच्याशी. आधार केंद्रावर ऑपरेटरने शुभममधल्या भ चा एच गाळला असेल, लक्ष्मी एक्स घालून लिहिली असेल, आडनाव आधी आणि नाव मागे घातले असेल, तर पोर्टलवरही तसेच द्यावे लागते. तुमच्या दृष्टीने ते चूक असले तरी. अडते ते जन्मतारखेत. कित्येक आधार कार्डांवर 01/01 ही तारीख असते, कारण नोंदणीच्या वेळी फक्त वर्ष सांगितले गेले होते. अशा वेळी दाखल रजिस्टरातली तारीख आधारला जुळवून घेण्याचा मोह होतो. तो टाळा. रजिस्टरातली खाडाखोड मुलाला पुढे पासपोर्टपर्यंत छळते. जन्मदाखला घ्या, त्यावरून आधार दुरुस्त करून आणायला पालकांना सांगा, मग पोर्टलवर भरा. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून पालकांच्या हातात योग्य नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी देऊनच पाठवा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात. पहिलीला नाव घालतानाच विचारून घेतले तर पुढे पडताळणी अडकत नाही.

सीमेपलीकडून येणारी आणि जाणारी मुले

ऊसतोडीच्या हंगामात, लग्नकार्यामुळे, आजोळी राहायला म्हणून मुले इकडून तिकडे होतात. महाराष्ट्राची सरल आणि कर्नाटकची सॅट्स एकमेकींशी बोलत नाहीत. दोन्हीकडे चालणारा धागा एकच आहे, पेन. मूल कागलहून आले तर सॅट्सवर नवी नोंद होईल, पण युडायसवर नवीन मूल म्हणून टाकू नका. पेन आणि जन्मतारीख घालून आयात करा. नवीन म्हणून टाकले की एका मुलाचे दोन पेन होतात, आणि ते मिटवायला बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या खेपा पडतात. जुन्या शाळेने आपल्याकडून मोकळे केलेले नसेल तर आयात अडते. तेव्हा दाखला मागतानाच त्या शाळेच्या गुरुजींना फोन करून दोन गोष्टी मागायच्या: पेन, आणि युडायसवरून मूल सोडल्याचे. आपल्याकडून जाणाऱ्या मुलाच्या टीसीवर पेन पेनाने लिहून द्या (कोटी आपोआपच झाली). पलीकडच्या शाळेला कन्नड मजकूर वाचता येत नसला तरी 11 अंक वाचता येतात.

शिष्यवृत्तीचेही इथेच उरकतो. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला सॅट्स नंबर आणि दोन्ही दाखल्यांचे आरडी नंबर लागतात, आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. खाती दोन असतील तर ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडले तिथे. सीमेवरच्या घरांत एक खाते बेळगाव जिल्ह्यात आणि दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात असणे अगदी सामान्य. "पैसे आले नाहीत" म्हणून आलेल्या पालकांना आधी दुसरे पासबुक भरून आणायला सांगा.

सुत्तोले आणि पत्रे

बीईओ ऑफिसकडून येणारे परिपत्रक, म्हणजे सुत्तोले, कन्नडमध्ये असते. ते मराठीत मिळावे हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो त्याच्या जागी लढलाच पाहिजे. पण आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचे असते. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून भाषांतरात टाकला आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा निघाला, तर ते पत्र जुन्या नुडी फाँटमध्ये आहे असे समजा. आपल्याकडे शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचे होते तसेच. फोनमध्ये दोष नाही. अशा पत्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सने चित्रातूनच वाचा. गूगल ट्रान्सलेटमधली कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांची पुडकी खानापुरात किंवा बेळगावात नेट असताना आधीच उतरवून ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे ऐन पावसात रेंज गेली की त्याच वेळी ती लागतात.

यंत्राच्या भाषांतरावर पूर्ण विसंबायचे नाही, कारण कन्नड आणि मराठीत दिसायला सारखे शब्द निराळ्या अर्थाने येतात. "प्रस्तावने" म्हणजे पुस्तकाची प्रस्तावना नव्हे, प्रस्ताव. "अनुमोदने" म्हणजे वरची मंजुरी. "वर्गावणे" म्हणजे बदली, आणि वर्गावणे पत्र म्हणजे टीसी. त्याऐवजी दहाबारा शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्या. "कोनेय दिनांक" शेवटची तारीख. "कूडले" ताबडतोब. "कड्डाय" सक्तीचे. "सल्लिसु" सादर करणे. "निगदित नमुने" ठरलेला नमुना. "दृढीकरण" पडताळून दिलेला दाखला. "कडत" फाइल. "हाजराती" आपली हाजरी. पत्रात आधी "कोनेय दिनांक" शोधा, मग "सल्लिसु"च्या आगेमागे कोणाला काय द्यायचे ते बघा, बाकीचा मजकूर सवडीने. दोन पानांच्या सुत्तोल्यात कामाचा भाग चार ओळींचा असतो.

जाणाऱ्या पत्रांसाठी दहा तयार नमुने कन्नड युनिकोडमध्ये करून ठेवा: धान्याची मागणी, गॅस सिलिंडर, एसडीएमसीची (शाळा विकास समितीची) सभा, अनुदान खर्चाचा दाखला, खोली दुरुस्ती, किरकोळ रजा, प्रशिक्षणाला हजर झाल्याचे, मुलाच्या नावात दुरुस्ती, शाळेला सुटी दिल्याचे, शून्य माहिती. वर "इवरिंद" (कोणाकडून), "इवरिगे" (कोणाला), मग "विषय", "उल्लेख" (संदर्भ). साचा ठरलेला आहे. तारीख, आकडा, नाव एवढेच बदलायचे. एखाद्या कन्नड शाळेच्या गुरुजींकडून हे दहा मसुदे एकदा तपासून घेतले की वर्षभर पुरतात. यंत्राने नव्याने केलेले कन्नड पत्र तपासल्याशिवाय पाठवू नका. अधिकाऱ्याला एकेरी संबोधून मोकळे होते.

बिसीऊट

रोजची सगळ्यात मोठी गळती इथे आहे, कारण शाळा एक आकडा लिहिते आणि तपासणीला तीन आकडे लागतात. सकाळी दूध प्यालेली मुले, हाजरीपटावरची मुले आणि जेवलेली मुले. उशिरा आलेले मूल दुधात नसते, हाजरीत असते. पोट दुखते म्हणून घरी गेलेले हाजरीत असते, जेवणात नसते. तिन्ही ठिकाणी एकच आकडा टाकला की महिन्याच्या शेवटी धान्याचा ताळा बसत नाही. मग मागे जाऊन आकडे "बसवले" जातात, आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

शीटमध्ये रोजची एक ओळ ठेवा: तारीख, हजर, दूध, जेवण. बाकी सूत्राने. पहिली ते पाचवीला मुलामागे धान्य 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. दुधाला क्षीरभाग्य योजनेप्रमाणे 150 मिलीमागे 18 ग्रॅम पावडर. 34 मुले जेवली तर तांदूळ 3.4 किलो, डाळ 680 ग्रॅम, भाजी 1.7 किलो, तेल 170 ग्रॅम; 34 जणांच्या दुधाला पावडर 612 ग्रॅम. 22 दिवसांचा महिना धरला तर तांदूळ 75 किलोच्या आसपास, म्हणजे दीड पोते. उच्च प्राथमिक वर्ग असलेल्या शाळेने दोन गटांचे रकाने वेगळेच ठेवावेत. सरासरी काढून चालवले की दर महिन्याला फरक पडतो.

अंड्याच्या दिवशी यादीतला तो शेवटचा रकाना कामाला येतो. हजर मुलांपैकी अंडे खाणारी किती आणि दुसरे काही द्यायची किती, हे "काउंटइफ्स"ने आपोआप निघते. आयत्या वेळी वर्गात हात वर करायला लावायचे नाहीत. शेजाऱ्याचे बघून हात वर होतात आणि खालीही जातात. पालकांचे म्हणणे जूनमध्ये एकदा सहीनिशी घ्या.

साठ्याचे गणित सरळ आहे: सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा खर्च. ते बिघडते दोन ठिकाणी. पोते 50 किलोचे म्हणून लिहिले जाते, वजन केले जात नाही. आवकेच्या दिवशीच काट्यावर ठेवा आणि भरेल तो आकडा लिहा, कमी असल्यास पोचपावतीवरच. दुसरे, आवक त्या दिवशी शीटमध्ये टाकली जात नाही, त्यामुळे शिल्लक उणे दिसते. शिल्लक शून्याखाली गेली की चौकट लाल होईल असे लावून ठेवा. स्वयंपाक करणाऱ्या ताई मापट्याने तांदूळ घेतात, ग्रॅममध्ये नाही. त्यांच्याच मापट्यात किती ग्रॅम बसतात ते एकदा तोलून भिंतीवर लिहा: 30 मुलांना किती मापटी, 35 ला किती, 38 ला किती. शीटपेक्षा हा भिंतीवरचा कागद जास्त काम करतो.

हाजरी आणि मूल्यमापन

हाजरी वर्गात कागदावरच घ्या आणि पहिल्या तासानंतर एकदाच मोबाइलमध्ये भरा. मुलांसमोर रेंज शोधत उभे राहण्यात दहा मिनिटे जातात, आणि दोन शिक्षकी शाळेत त्या दहा मिनिटांत दुसरे तीन वर्ग मोकळे सुटतात. शीट फोनमध्ये "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवली तर रेंज नसतानाही लिहिता येते, नेट आले की चढते. फक्त दोघांनी एकाच दिवशी एकच चौकट ऑफलाइन बदलू नये. एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या खाली जाते. वर्ग वाटून घ्या.

एफए आणि एसएचे (आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे) गुण पोर्टलवर भरायच्या आधी शीटमध्ये पोर्टलच्याच क्रमाने लावा. सॅट्सवर यादी इंग्रजी नावांच्या क्रमाने दिसत असेल आणि तुमची हाजरी दाखल नंबराने असेल, तर एक ओळ घसरते आणि पुढच्या सगळ्या मुलांना शेजाऱ्याचे गुण जातात. भरताना पहिले, मधले आणि शेवटचे नाव ताडून बघायचे. शेवटच्या तारखेला पोर्टल रेंगाळते आणि मधेच बाहेर काढते. चार दिवस आधी सकाळी सातच्या सुमारास भरले तर तेच काम पटकन उरकते. शेरे लिहिण्यासाठी मराठी बोलून टाइप होते, ते वापरा.

शाळेबाहेर सोडवायचे ते

इथवरचे सगळे केले तरी निम्मा त्रास उरतो, कारण तो शाळेत तयारच होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला "उद्या दहापर्यंत पाठवा" येते, आणि तीच पटसंख्या तीन टेबलांना तीन नमुन्यांत जाते. यावर तोडगा क्लस्टर पातळीवरच निघतो. पहिल्या आठवड्यात ठेवलेली तुमची नोंद आता समालोचना सभेत (क्लस्टरच्या शिक्षकांच्या बैठकीत) ठेवा: मागितलेल्या इतक्या माहितींपैकी इतक्या आधीच दिलेल्या होत्या. तक्रार म्हणून ठेवू नका, सोबत उपाय ठेवा. सीआरपींनी (क्लस्टरच्या साधन व्यक्तींनी) क्लस्टरची एकच शीट करावी, दर शाळेला एक ओळ, ओळखीला युडायस कोड, आणि आपापली ओळ सोडून इतरांना बदलता येणार नाही अशी कुलुपे. पट, शिक्षक, खोल्या, शौचालये, पाणी, वीज ही वर्षभर फारशी न बदलणारी माहिती तिथे राहील. कुठल्याही टेबलाने विचारले की सीआरपी तिथूनच देतील. शाळांना फक्त खरोखर नवीन असेल ते विचारले जाईल. याचा सगळ्यात जास्त फायदा सीआरपींनाच होतो, म्हणून पटवणे जड जात नाही. युडायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर असते. ही शीट ऑगस्टअखेर पक्की झाली तर ते कामही सोपे जाते.

दुहेरी लेखनही इथेच सोडवून घ्यायचे. दाखल रजिस्टर, हाजरीपट, कॅश बुक हाताने राहू द्या. त्यांना हात लावू नका. बाकी नोंदवह्यांपैकी कुठल्या शीटमधून छापून, सही करून, फाइलला लावल्या तर चालतील ते सीआरपींना विचारा आणि भेट वहीतल्या शेऱ्यात लिहून घ्या. तोंडी "चालेल" पुढच्या तपासणीला कामाचे नाही. एक महिना दोन्ही पद्धती बरोबर चालवा, आकडे जुळतात हे दिसले की वही बंद करा. महिन्याऐवजी "बघू" म्हणून वर्ष काढले की तुमच्यासारखे दुप्पट काम कायमचे होते.

फोटोंबद्दल एकच सांगतो. प्रत्येक कार्यक्रमाचे वीस फोटो कोणी बघत नाही. दोन काढा, तारखेच्या नावाने ठेवा.

आणि जे यंत्राने कमी होणार नाही ते ओळखून असा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 ने जनगणना, आपत्तीकाळ आणि निवडणुका एवढ्यांसाठीच शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्याची मुभा ठेवली आहे. 2025 च्या दसऱ्यात राज्याच्या मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाला शिक्षकच गेले. अशा दिवसांत शाळेत उरलेल्या एका शिक्षकाने कुठली नोंद करायची आणि कुठली थांबवायची, हे आधी ठरवून ठेवा: हाजरी, जेवण, आवक. बाकी सगळे थांबू शकते.

पासवर्ड, बदली, कॉम्प्युटर

पोर्टलचे ओटीपी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर येतात. तुम्ही रजेवर, आणि माहिती आजच हवी, असे होतेच. शाळेच्या जीमेलला दोन टप्प्यांची सुरक्षा लावलीत तर गूगल दहा पर्यायी कोड देते. ते छापून कपाटातल्या लखोट्यात ठेवा. पासवर्डही वहीत, कपाटात. ग्रुपवर नाही, आणि गावातल्या सायबर कॅफेत तर अजिबात नाही. ऑपरेटरला पासवर्ड दिला की काम लवकर होते खरे. मात्र त्याने केलेली चूक तुमच्या नावावर पडते. बदली झाली की पदभाराच्या यादीत टेबल-खुर्च्यांबरोबर या ओळीही असू द्या: जीमेल, त्याचा परतीचा मोबाइल नंबर, सॅट्स, युडायस, शीटचा मालक कोण.

कॉम्प्युटर लगेच नको. 38 पटाला फोन आणि शीट पुरतात. मोठी यादी करायला महिन्यातून दोनदा लॅपटॉप लागेल, तो जवळच्या मोठ्या शाळेत बसून वापरता येईल. पैसे असतील तर आधी काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या. शाईचा प्रिंटर स्वस्त पडतो, पण एप्रिल-मेच्या सुटीत शाई वाळते आणि जूनमध्ये ऐन प्रवेशाच्या वेळी रेघा मारतो. लेझरची टोनर पावडर वाळत नाही. तुमच्याकडच्या पावसात कागद मात्र दमट होऊन अडकतो, म्हणून उघडलेली रीम झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि लागतील तेवढीच पाने बाहेर काढायची.